दोन फुटांत वीस मासे

मासे तुम्ही मारलेत, साहेब. भरमू अण्णांनी नाही.

तुमचं नाव मी लिहीत नाही. भिते म्हणून नाही. नाव लिहिलं की भांडण तुमच्या-माझ्यातलं होतं, आणि हे भांडण तेवढं लहान नाही. परवा नव्या मत्स्यालयाच्या कार्यक्रमात तुम्ही माईक हातात घेऊन म्हणालात, मागच्या खेपेला एका कामगाराच्या अडाणीपणामुळे मासे दगावले, या खेपेला तसं होऊ देणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी समोर बसले होते. भरमू अण्णा माझ्या शेजारी होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिची घडी पुन्हा पुन्हा घालत बसले. म्हणून लिहितेय. मला लिहायला कोणी शिकवलेलं नाही, सातवी झाली आणि मी मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसले. शुद्धलेखन तपासत बसू नका, काय झालं ते वाचा.

तुम्हाला ती खोली आठवत नसेल. बागेत कारंज्याच्या मागं, माळ्यांची खुरपी आणि पाइप ठेवायची. भारनियमनाची वर्षं होती ती. तुम्ही खोली रंगवून घेतलीत, दारावर 'मत्स्यालय' अशी पाटी लावलीत आणि आत पाच टाक्या मांडल्यात. चार गोड्या पाण्याच्या. पाचवी सगळ्यात लहान, दोन फुटांची, खाऱ्या पाण्याची. आमचं गाव यंत्रमागांचं. समुद्र बघायचा तर घाट उतरून जावं लागतं. त्यामुळं गावाला कौतुक त्या पाचवीचंच.

उद्घाटन दसऱ्याला होतं. त्याच्या आधी एका सकाळी तुम्ही बघायला आलात. खाऱ्या टाकीत तेव्हा तीन मासे होते, दोन नारिंगी जोकर आणि एक निळा. तुम्ही काचेला बोट लावून मोजलेत.

"एवढेच?"

अण्णा म्हणाले, "आक्का म्हणती सध्या एवढंच."

"कोण आक्का?"

मी दारातच उभी होते. अक्काताई बिरनाळे, स्टँडमागं शोभेच्या माशांचं दुकान. टाकी लावून द्यायला तुमच्याच ऑफिसनं मला बोलावलं होतं. मी सांगितलं की टाकी नवी आहे, फिल्टर अजून पिकलेला नाही, महिनाभर तरी याहून जास्त मासे सोसणार नाहीत. आणि पिकल्यावरसुद्धा दोन फुटांत पाच-सहाच.

"फिल्टर काय आंबा आहे का, पिकायला?" तुम्ही म्हणालात. तुमच्याबरोबरची माणसं हसली. ती हसायलाच आणलेली होती. मग तुम्ही माझ्याकडे पाठ करून अण्णांना म्हणालात, "लोक काय पाणी बघायला येणार? वीस तरी मासे दिसले पाहिजेत. डोंगळे, दसऱ्याला टाकी भरलेली दिसली तर तुमचं काम कायम करतो. नाहीतर किल्ली दुसऱ्याकडे."

भरमू डोंगळे म्हणजे कोण, हे तुम्हाला तेव्हाही माहीत नव्हतं. उभा जन्म त्यांनी माग दुरुस्त करण्यात घातला. नुसता आवाज ऐकून कुठल्या ओळीतला कुठला माग बिघडलाय ते सांगायचे. ज्यांच्याकडे कामाला होते त्यांनी माग भंगारात विकले आणि तिथं गाळे काढले. पन्नाशी उलटलेल्या माणसाला कोण कामावर घेणार? वर्षभर घरी बसून होते. गंगाक्का, म्हणजे त्यांची बायको, मला सांगायची की ते रात्री झोपेत हातानं मोटारीचा पट्टा चढवल्यासारखं करतात. मग ही खोली मिळाली. किल्ली त्यांनी कमरेच्या करगोट्याला बांधली होती. आंघोळीलाही सोडत नसत.

आमचं दोघांचं रोज संध्याकाळी भांडण. कारंज्याच्या कट्ट्यावर चहा यायचा आणि सुरू. माझं म्हणणं असं, की मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्यातच घाण करतो. त्या घाणीचं जे विष होतं ते डोळ्यांना दिसत नाही, पाणी अगदी काचेसारखं दिसतं आणि मासे मरतात. ते विष खाणारे जिवाणू फिल्टरमधल्या खड्यांवर आणि स्पंजावर वस्ती करतात, सावकाश वाढतात, आणि जेवढी त्यांची वस्ती तेवढेच मासे टाकीत जगतात. अण्णांना हे पटायचं नाही. त्यांचं सरळ होतं. पाणी घाण होतंय? मोटार मोठी लावा. अजून घाण होतंय? अजून मोठी.

"मोटार पाणी फिरवते अण्णा, साफ करत नाही. साफ जिवाणू करतात."

"म्हंजे पाणी साफ ठेवायला तुला जंतू पाहिजेत."

"दुधाचं दही व्हायला विरजण लागतंच की."

"दह्यात मासं सोडत न्हाईत आक्का कोण."

कट्ट्यावरचे हसायचे. अण्णांनी माझ्या बोलण्याला 'जंतूपुराण' असं नाव ठेवलं होतं. मी आले की म्हणायचे, चला, अध्याय सुरू. डॉक्टर मगदूम कधी तिथं असले तर माझ्या बाजूनं बोलायचे. ते दातांचे डॉक्टर, दवाखान्यात बाकड्यांसमोर त्यांची खाऱ्या पाण्याची मोठी टाकी होती. मला हे सगळं त्यांच्याकडूनच कळलेलं. त्यांनी पहिली टाकी एका दिवसात भरली होती आणि आठवड्यात रिकामी झाली होती, ते ती गोष्ट स्वतःच रंगवून सांगायचे. पण डॉक्टरांचंही माझ्याशी सगळं जुळत नव्हतं. ते म्हणायचे पाणी भरपूर बदला, मी म्हणायची थोडं थोडं बदला. अण्णा दोघांकडे बघून म्हणायचे, आधी तुमचं तुमच्यात मिटवा, मग मला शिकवायला या.

तुम्ही येऊन गेल्यावर चारच दिवसांत तुमचा ठेकेदार मासे घेऊन आला. फुगवलेल्या पिशव्या, एकेकीत दोन-तीन. निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे, सुरेख होते, खोटं कशाला बोलू? अण्णांनी पिशव्या टाकीत तरंगत ठेवल्या तेव्हा मी त्यांचा हात धरला. मी म्हणाले, घालू नका. ठेकेदाराला परत द्या, माझं नाव सांगा.

त्यांनी हात सोडवून घेतला नाही. नुसतं म्हणाले, "आक्का, मासं घातलं न्हाई तर किल्ली जाती. घातलं तर तू हाईस की."

मीच पिशव्यांच्या गाठी सोडल्या. मग त्यांना बसवून सगळं सांगितलं. खाणं चिमटीभर, तेही दिवसाआड. रोज एक बादली पाणी काढायचं आणि तेवढं नवं घालायचं. रत्नागिरीहून बांगडे घेऊन येणारा टेम्पो माझ्या दुकानासाठी समुद्राच्या पाण्याचे कॅन आणायचा, त्यातले मी त्यांना द्यायला लागले. आणि शेवटचं, काही झालं तरी मोटार बंद करायची नाही. अण्णांनी टाकीच्या काचेवर हात ठेवून शब्द दिला.

तो त्यांनी कसा पाळला ते मी बघितलंय. वीज जायची तेव्हा मोटार थांबायची, मग ते स्टुलावर बसून तांब्यानं टाकीतलं पाणी उचलून फिल्टरवर ओतत राहायचे. वीज येईपर्यंत. गंगाक्का जेवायला बोलवायला आली तर तिच्या हातात तांब्या द्यायचे आणि तेवढ्यात दोन घास खाऊन यायचे. मासे दमलेले दिसत होते, रंग उतरला होता, पण जगत होते. मला आशा वाटायला लागली होती. माणूस जिद्दीनं दोन फुटांत वीस मासे ओढून नेतोय, असं वाटायला लागलं होतं.

मग खंडेनवमी आली.

तुम्ही बाहेरगावचे, तुम्हाला सांगायला पाहिजे. आमच्या गावात वर्षभर खटखट चालू असते, रात्रीसुद्धा. बाहेरची माणसं आली की त्यांना झोप लागत नाही. खंडेनवमीला ती थांबते. माग पुसून, तेलाचा मळ खरवडून, धुऊन लख्ख करतात. मोटारीला हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढं लिंबू आणि नारळ. त्या दिवशी यंत्राला काम सांगायचं नाही. वर्षभर राबलेलं असतं ते. लहानपणी आम्हाला त्या शांततेची भीतीच वाटायची. एवढं शांत झालं की शेजारच्या घरातलं बोलणं ऐकू यायचं.

दुपारी मी दुकानाच्या तराजूला फूल वाहून निवांत बसले होते. अण्णा स्वतः बोलवायला आले. धुतलेलं धोतर, कपाळाला गंध. म्हणाले, चल, बघायला चल. एवढे खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. वाटेत सांगत होते की उद्या साहेब खूश होणार, सगळं चकचकीत ठेवा म्हणून ऑफिसातनं निरोप होता आणि त्यांनी काल अंधार पडेपर्यंत काचा पुसल्यात.

खोलीत शिरले तर मोटारीचा आवाज नव्हता.

टाकीपुढं पाट मांडला होता. पाटावर केळीचं पान, पानावर फिल्टरची मोटार, झेंडूच्या हारात बुडालेली. शेजारी ताटात फिल्टरमधले खडे. पांढरेशुभ्र. गंगाक्कानं ते धुण्याचा सोडा घालून पातेल्यात उकळले होते. स्पंज नळाखाली धुऊन, पिळून, वाळत घातला होता. त्यालाही कुंकवाचं बोट.

"कधीपासून बंद आहे?"

"पहाटेपास्नं. आज इश्रांती की तिला."

"अण्णा, मी काय सांगितलं होतं?"

"बंद करायची न्हाई म्हणलीस." ते माझ्याकडे बघत राहिले, मी चेष्टा करतेय का ते बघत होते. "पर खंडेनवमीला कुठली मोटार चालती, आक्का?"

त्यांनी शब्द मोडला नव्हता. आमच्या गावात 'कधीच बंद करू नका' असं कुणी म्हटलं, तर त्यात हा दिवस कुणीच धरत नाही. मागाचा मालकही धरत नाही, मागावरचा कामगारही धरत नाही. आणि ज्या यंत्रावर त्यांची भाकरी होती त्याला त्यांनी आपल्या हातानं न्हाऊ-माखू घातलं होतं. माझ्या जिवाणूंची वस्ती त्या पांढऱ्याशुभ्र ताटात संपलेली होती.

मासे सगळे वर आले होते. पाण्याच्या कडेला तोंडं लावून उघडझाप, उघडझाप.

"आज सगळी वर येऊन बघालीत बघ," अण्णा म्हणाले.

मी सांगितलं. ओरडून नाही सांगितलं, एका दमात सांगितलं. खड्यांवर काय होतं, सोड्यानं त्याचं काय झालं, आणि मासे वर का आलेत. त्यांनी एकदा ताटाकडे बघितलं, एकदा टाकीकडे. मग खाली बसून मोटारीवरचा हार काढायला लागले. गाठ सुटेना. दोन्ही हातांनी तोडला. फुलं खोलीभर झाली.

पुढचं सगळं आठवतं ते तुकड्यातुकड्यांनी. मी मोटार लावली. अण्णा पळत दवाखान्यात गेले आणि डॉक्टर स्कूटरवर आले, पुढं-मागं दोन कॅन. दुकानातून मी उरलेले कॅन आणि माझ्या जुन्या टाकीतला स्पंज आणला. तो तपकिरी, बुळबुळीत, सहा वर्षांचा स्पंज म्हणजे माझी सगळी दौलत. डॉक्टर म्हणाले सगळं पाणी फेकून नवं भरू. मी म्हणाले आधीच अर्धमेले आहेत, एकदम नवं पाणी त्यांना झेपणार नाही, निम्मं बदलू. डॉक्टर म्हणाले निम्मं विष ठेवून काय मिळवणार? तिथं, ते मासे मरत असताना, आम्ही दोघं कट्ट्यावरच्यासारखे भांडलो. अण्णांनी मधेच बादली उचलली आणि निम्मं पाणी काढलं. मग मला म्हणाले, आता मासं कमी कर. ते तुझं खरं हाय.

आम्ही मासे पकडून बादल्यांत घेतले. काही डॉक्टरांच्या टाकीत जाणार होते, काही माझ्या दुकानात. चार ठेवायचे ठरले, पहिले दोन जोकर, तो पहिला निळा, आणि एक पिवळा जो हाताला लागेना. माझा स्पंज फिल्टरमध्ये बसवला. आणि वीज गेली.

स्पंजावरचे जिवाणूसुद्धा वाहत्या पाण्यावर जगतात, पाणी थांबलं की तेही गुदमरतात. हे मला माहीत होतं, पण अण्णांशी भांडताना मी ते कधी मोठ्यानं कबूल केलं नव्हतं. मोटारीला मी नेहमी हिणवत आले होते.

अण्णांनी विचारलं, "पाणी फिरलं तर तुझं जंतू टिकतील न्हवं?"

"टिकतील. पण तांब्यानं नाही भागणार आता."

"तांब्या कोण म्हणतंय?"

पंख्याच्या रिकाम्या हुकाला त्यांनी बादली टांगली. डॉक्टरांकडून सलाइनची नळी मागवली, तिचं एक टोक बादलीत बुडवून ती सुतानं काठाला आवळली आणि दुसरं टोक फिल्टरवर सोडलं. नळीची चकती फिरवून धार हवी तेवढी केली. पाणी बादलीतून स्पंजावर, स्पंजातून टाकीत. टाकीतून परत बादलीत चढवायला माणूस लागत होता, तर बागेतले माळी, फिरायला आलेले, कोण कोण मगानं पाणी चढवत राहिलं. डॉक्टर बाहेर जाऊन आपल्या पेशंटांना घेऊन आले. एकाचा गाल सुजलेला, तोही लावला कामाला. अण्णा बाजूला उभे राहून कान देऊन ती धार ऐकत होते. मधेच म्हणाले, "बारीक झाली, चढवा." आणि खरंच बारीक झालेली असायची.

"अण्णा," मी म्हणाले, "ही मोटार माझ्यापेक्षा शहाणी आहे."

"अध्याय संपला म्हण की मग," ते म्हणाले, पण हसले नाहीत.

वीज आली तेव्हा चारी मासे मधल्या पाण्यात उतरले होते. बादल्यांतले बरेचसे तगले. सहा मेले. गंगाक्कानं ते जास्वंदीच्या आळ्यात पुरले आणि त्यावर तीच झेंडूची फुलं टाकली. तिला खडे उकळल्याचं फार लागलं होतं. मी तिला सांगितलं की सोड्यानं मेले ते जिवाणू. मासे मेले ते दाटीनं. टाकीत तीनच मासे असताना खडे उकळले असते तर त्यांनी आठवडा काढला असता आणि आम्हाला वेळ मिळाला असता. वीस माशांनी दुपारसुद्धा काढली नाही. हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते.

संध्याकाळी मी अण्णांना एक सुचवलं. उद्या सकाळी बादल्यांतून सगळे मासे परत आणू, तासभर टाकीत सोडू. साहेब फीत कापतील, फोटो होईल, तुमचं काम कायम होईल. ते गेले की मासे परत. तासाभरात काही होत नाही.

डॉक्टरही म्हणाले, जमेल.

अण्णा म्हणाले, "न्हाई. एकदा हलवलं त्यास्नी, आता हलवायचं न्हाई."

"किल्ली जाईल."

"जाऊ दे."

मी रात्रभर स्वतःवरच चिडलेली होते. भांडण करणारी मी, आणि वाकायला पहिली तयार झाले तीही मी.

दसऱ्याला तुम्ही आलात. पांढरा सदरा, गळ्यात हार, बरोबर फोटोवाला आणि निम्मं गाव. चार गोड्या टाक्या झाल्या, फीत बांधलेल्या पाचवीपुढं तुम्ही थांबलात. पुन्हा बोट लावून मोजलेत.

"बाकीचे कुठे आहेत?"

मी पुढं होणार होते. अण्णांनी हातानं मला मागं सारलं. त्यांनी सगळं सांगितलं, काहीच लपवलं नाही. मोटार बंद ठेवली, खडे उकळले, सहा मासे मेले, ही चूक माझी. बाकीचे डॉक्टरांकडे आणि आक्काकडे जिवंत आहेत, कारण या टाकीत ते जगणार नाहीत.

"मी वीस म्हणालो होतो, डोंगळे."

"व्हय. आणाय येतील, आत्ता आणतो." मग त्यांनी करगोट्याची किल्ली सोडली आणि तुमच्यापुढं धरली. "पर एक इचारू का साहेब? मासं किती दिस जगवायचं? आजच्या फोटोपुरतं का पुढं पण? फोटोपुरतं असंल तर इस आणतो. पुढं पण असंल तर चार. तुम्ही सांगा, तसं करतो."

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

तुम्ही उत्तर दिलं नाहीत. फोटोवाल्याकडे बघितलंत, हातातली कात्री उघडलीत आणि फीत कापलीत. तुमच्या एका हातात कात्री होती आणि दुसऱ्यात फितीचं टोक, त्यामुळं किल्ली घ्यायला हात नव्हता. अण्णा थोडा वेळ ती धरून उभे राहिले. मग परत करगोट्याला बांधली. दुसऱ्या दिवशी पेपरात तुमचं म्हणणं आलं, कामगाराच्या निष्काळजीपणानं मासे दगावले. वीस कुणी मागितले होते ते आलं नाही.

पण किल्ली मागायला कुणी आलं नाही, साहेब. तुमची बदली झाली. नव्या साहेबांनी दोनदा येऊन टाकी बघितली आणि अण्णांचं काम कायम केलं. दिवाळीनंतर फिल्टर पिकला. डॉक्टरांकडचा एक मासा परत आला, मग बऱ्याच दिवसांनी माझ्याकडचा एक. सहावर अण्णांनी हात वर केला, आता पुरे. मी म्हणाले सातवा जमेल, तर म्हणाले, "जंतूपुराण वाच." मोटारीच्या बटणावर त्यांनी चिकटपट्टी मारलीय. खंडेनवमीला हार चालू मोटारीच्या डब्याला बाहेरून घालतात आणि कुंकू भिंतीला लावतात. मागच्या उन्हाळ्यात जोकरांच्या जोडीनं खडकावर अंडी घातली. नारिंगी दाण्यांसारखी. नर त्यांना परांनी वारा घालत होता. ते बघायला शाळेच्या रांगा लागल्या, आणि कुणी विचारलं नाही की मासे एवढे कमी का.

आता तुम्ही मोठ्या खुर्चीवर बसून परत आलात. नव्या मत्स्यालयाचं चित्र परवा मंडपात लावलं होतं. त्यात समुद्राची टाकी भिंतीएवढी आहे आणि माशांनी इतकी गच्च आहे की पाणी दिसत नाही. कार्यक्रम संपल्यावर मला वाटलं अण्णा घरी जायचं म्हणतील. ते चित्रापुढं जाऊन उभे राहिले. म्हणाले, "टाकी चांगली मोठी काढल्यात. आत्तापास्नं पाणी फिरवाय लागलं आणि मासं सावकाश घातलं तर झकास हुईल." आमच्या टाकीतले निम्मे खडे त्या टाकीला विरजण म्हणून द्यायची त्यांची तयारी आहे. सोडा लावणार नाहीत. अडाणी म्हणणाऱ्याला कोण एवढं देतं? ते देतायत. मी असते तर दिले नसते.

खडे कधीही घेऊन जा. पण त्याआधी त्या दिवशीचं उत्तर लागतं, कारण त्यावरून ठरणार आहे की ते खडे फिल्टरमध्ये घालायचे की नुसते शोभेला मांडायचे. अण्णा रोज सकाळी बागेतली खोली उघडून स्टुलावर बसलेले असतात. माईक नको, पेपर नको. तिथं या, त्यांच्यासमोर उभे राहा आणि सांगा.

मासे किती दिवस जगवायचे, साहेब?